शिर्डीच्या साईबाबांवर पुस्तक लिहिणाऱ्याच्या पोरानं अख्खा कॉम्प्युटर एका पेटीत बसवला होता

जामखेडच्या बाजारपेठेत एखादं ऑनलाइन फॉर्म भरून देणारं दुकान डोळ्यासमोर आणा. सातबारा, पीक विमा, जातीचा दाखला, परीक्षेचे अर्ज असं सगळं तिथं होतं. दहा बाय दहाची जागा. त्यात झेरॉक्स मशीन, प्रिंटर, लॅमिनेशनचं यंत्र आणि समोर गिऱ्हाइकांची रांग. पूर्वी अशा दुकानात टेबलाखाली गुडघ्याला लागणारा एक मोठा सीपीयूचा डबा असायचा. आता त्याच्या जागी जेवणाच्या डब्याएवढा मिनी पीसी घेता येतो. तो मॉनिटरच्या पाठीमागं स्क्रूनं बसवला की संपला विषय. टेबल मोकळं, पाय मोकळे.

पण लहान डबा घ्यायचा म्हटलं की प्रश्न सुरू होतात. आतलं गरम होईल का? उन्हाळ्यात टिकेल का? उद्या रॅम वाढवता येईल का? हार्डडिस्क दोन बसतील का? स्वस्तात हवा असेल तर नेमकं काय सोडायचं?

हे प्रश्न आजचे वाटतात, पण एका माणसानं ते ४५ वर्षांपूर्वीच टेबलावर घेतले होते. त्यानं कॉम्प्युटर, स्क्रीन, कीबोर्ड आणि दोन डिस्क ड्राइव्ह असं सगळं एकाच पेटीत बसवलं आणि पेटीला वर मूठ लावली. दोन वर्षांत त्याची कंपनी जगभर गाजली आणि तेवढ्याच वेगानं बुडाली. इतकी बुडाली की धंद्यातल्या एका चुकीला त्याचंच नाव पडलं.

त्याचं नाव ॲडम ऑसबॉर्न.

नाव परदेशी आहे, पण गड्याचं बालपण गेलं भारतात आणि त्याचा शेवटही भारतातच झाला. अहिल्यानगर जिल्ह्याशीही या घराचा एक धागा जोडलेला आहे. जिल्ह्याच्या दक्षिणेला जामखेड, तर उत्तरेला शिर्डी. याच शिर्डीच्या साईबाबांची इंग्रजी वाचकांना ओळख करून देणारं एक गाजलेलं पुस्तक १९५७ मध्ये आलं. ते लिहिणारे आर्थर ऑसबॉर्न म्हणजे ॲडमचे वडील.

अरुणाचलाच्या पायथ्याशी गेलेलं बालपण

ॲडमचा जन्म ६ मार्च १९३९ चा, बँकॉकमधला. वडील इंग्रज, आई पोलंडची. वडील बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठात इंग्रजी शिकवायचे, पण त्यांचा सगळा ओढा पूर्वेकडच्या अध्यात्माकडं होता.

मग दुसरं महायुद्ध पेटलं. १९४१ च्या डिसेंबरमध्ये जपानी फौजा थायलंडमध्ये शिरल्या आणि आर्थर ऑसबॉर्न कैदेत पडले. आई मुलांना घेऊन भारतात आली होती. हे कुटुंब राहिलं तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलईला, अरुणाचल डोंगराच्या पायथ्याशी. तिथं रमण महर्षींचा आश्रम होता. युद्ध संपल्यावर वडीलही तिथं येऊन पोचले आणि पुढं रमण महर्षींवर लिहिणारे महत्त्वाचे लेखक म्हणून ओळखले जाऊ लागले. आश्रमाचं मासिकही त्यांनी सुरू केलं आणि चालवलं.

म्हणजे ज्या घरात ॲडम वाढला, तिथं गरजा कमी ठेवणं हा रोजच्या जगण्याचा भाग होता. याचा त्याच्या कॉम्प्युटरशी थेट संबंध जोडणं घाईचं ठरेल. पण पुढं हाच माणूस पुरेसं असलं की बास, या हिशोबावर कॉम्प्युटर बनवतो, हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

ॲडमची शाळा सुरू झाली कोडाईकनालच्या कॉन्व्हेंटमध्ये. अकराव्या वर्षाच्या सुमारास त्याला इंग्लंडला बोर्डिंगमध्ये पाठवलं. १९६१ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातून तो केमिकल इंजिनीअर झाला. तिथून अमेरिका. १९६८ मध्ये डेलावेअर विद्यापीठाची पीएचडी आणि मग कॅलिफोर्नियात शेल या तेल कंपनीत नोकरी. केमिकल इंजिनीअरचं आयुष्य जसं सुरळीत जावं, तसं सगळं चाललं होतं.

पण नोकरीत त्याचा जीव कॉम्प्युटरवर जडला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं शेल सोडली आणि एक वेगळाच धंदा धरला. कॉम्प्युटर कंपन्यांसाठी सोप्या भाषेत माहितीपुस्तकं लिहून द्यायची.

कॉम्प्युटर विकायच्या आधी त्यानं पुस्तकं विकली

त्या काळात कॉम्प्युटर म्हणजे काय प्रकरण होतं, हे आपल्याकडच्या उदाहरणावरून कळेल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या टीमनं टिफ्रॅक नावाचा कॉम्प्युटर बनवला. तो १९६० मध्ये रीतसर सुरू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ते नाव दिलं. देशासाठी ही अभिमानाची गोष्ट होती. पण तो कॉम्प्युटर खोलीभर पसरलेला होता, लोखंडी रॅकमध्ये रचलेला, आणि सांभाळायला इंजिनीअरांची फौज लागायची. कॉम्प्युटर संस्थेकडं असायचा, माणसाकडं नाही.

१९७१ मध्ये इंटेलनं मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला आणि हे चित्र बदलायला लागलं. कपाटभर सर्किटं करायची ते काम नखाएवढी एक चिप करू लागली. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात होमब्रू कॉम्प्युटर क्लब सुरू झाला. हौशी पोरं एकत्र यायची, आपापली जोडाजोड दाखवायची, सुट्या भागांची देवाणघेवाण करायची. ॲपलचा पहिला कॉम्प्युटर याच क्लबच्या माहोलात जन्मला. ॲडमही तिथं असायचा, पण त्याच्याकडं विकायला असायची पुस्तकं.

त्यानं मायक्रोकॉम्प्युटरची ओळख करून देणारं पुस्तक लिहिलं होतं. प्रकाशकानं ते नाकारलं, तर त्यानं स्वतःच छापलं. आयएमएसएआय नावाच्या कंपनीनं आपल्या कॉम्प्युटरसोबत द्यायला ते घेतलं आणि पुस्तक तुफान चाललं. बघता बघता त्याच्या प्रकाशनाची ४० च्या वर पुस्तकं झाली. १९७९ मध्ये मॅकग्रॉ-हिल या बड्या प्रकाशकानं त्याची प्रकाशनसंस्थाच विकत घेतली.

सोबत मासिकांमध्ये त्याचं सदर चालायचं. कंपन्या काय चुका करतात, गिऱ्हाइकाला कसं गंडवतात, यावर तो बिनधास्त लिहायचा. वाचक खूश, कंपन्या नाराज.

या सगळ्यात त्याला एक गोष्ट दिसत होती. कॉम्प्युटर घेणारा माणूस दुकानातून आनंदानं बाहेर पडत नाही. मूळ मशीन एका ठिकाणी, मॉनिटर दुसरीकडं, डिस्क ड्राइव्ह तिसऱ्या कंपनीचा. सॉफ्टवेअरचे पैसे वेगळेच. सगळं आणून जोडायचं, आणि नाही चाललं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवणार. वकील, हिशोबनीस, पत्रकार, छोटा दुकानदार यांना ही जोडाजोड नको होती. त्यांना पत्र टाइप करायचं होतं आणि हिशोब मांडायचा होता.

पुस्तकांच्या धंद्यातून आलेला पैसा हातात होता. ॲडमनं ठरवलं की आता लिहिणं बास, आपणच बनवायचं.

पेटीत काय ठेवायचं आणि काय सोडायचं

यंत्र तयार करण्यासाठी त्यानं ली फेलसेनस्टाइनला गाठलं. हा होमब्रू क्लबच्या बैठका चालवणारा, हातात कला असलेला इंजिनीअर. ॲडमची अट साधी होती. सगळं एका पेटीत हवं, पेटी विमानाच्या सीटखाली जायला हवी आणि किंमत लोकांना झेपणारी हवी.

लहान डब्यात कॉम्प्युटर बसवणं म्हणजे लहान खोलीत संसार मांडण्यासारखं आहे. पलंग मोठा घेतला की कपाट बसत नाही. एक वस्तू ठरवली की दुसरीची जागा आपोआप ठरते.

या पेटीत सगळ्यात जास्त जागा खाणार होते दोन फ्लॉपी ड्राइव्ह. एकावर प्रोग्रॅम आणि दुसऱ्यावर आपलं काम, अशी सोय हवी तर दोन ड्राइव्ह पाहिजेतच. ते डाव्या-उजव्या बाजूला बसवले की मध्ये जी फट उरली, त्यात बसली फक्त ५ इंची स्क्रीन. आज हातातल्या मोबाइलची स्क्रीनसुद्धा याहून मोठी असते.

आता एवढ्याशा काचेवर मजकूर दाखवायचा कसा? ऑफिसच्या कामात तेव्हा एका ओळीत ८० अक्षरं बघायची सवय होती. ५ इंचात ८० अक्षरं घातली तर डोळे फुटतील. म्हणून फेलसेनस्टाइननं एका वेळी ५२ अक्षरंच दाखवायची ठरवली. पण मेमरीत मात्र १२८ अक्षरांची लांब ओळ ठेवली. कीबोर्डवरची बटणं दाबली की स्क्रीन खिडकीसारखी डावीकडं-उजवीकडं सरकायची आणि उरलेली ओळ दिसायची. जागा नव्हती, तर त्यानं जागा असल्याचा भास तयार केला. ज्याला मोठं बघायचंय, त्याला बाहेरून मॉनिटर जोडायची सोयही ठेवली.

कीबोर्ड हेच पेटीचं झाकण. काम झालं की कीबोर्ड समोर लावून खटके बंद करायचे. स्क्रीन आणि ड्राइव्ह आत सुरक्षित. ड्राइव्हच्या खाली फ्लॉपी ठेवायला खण. वरून मूठ. बंद केल्यावर ही वस्तू अगदी घरातल्या शिलाई मशीनच्या पेटीसारखी दिसायची.

वजन होतं २४.५ पौंड, म्हणजे साधारण ११ किलो. दहा किलो तांदळाच्या पिशवीहून थोडं जास्तच. त्यात बॅटरी नव्हती, म्हणजे जिथं जाल तिथं आधी प्लग शोधा. मांडीवर घ्यायची ही वस्तू नव्हतीच. टेबलावर ठेवून काम करायचं आणि गरज पडली तर उचलून दुसऱ्या टेबलावर न्यायचं, असा हा आटोपशीर कॉम्प्युटर.

आत होता झायलॉग कंपनीचा झेड-८० प्रोसेसर, ४ मेगाहर्ट्झचा, आणि ६४ केबी मेमरी. एका फ्लॉपीत साधारण ९१ केबी मजकूर मावायचा. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो सहज ३-४ एमबीचा असतो. म्हणजे तो एक फोटो ठेवायला अशा तीस-चाळीस फ्लॉपी लागल्या असत्या. पण फक्त अक्षरं असतील तर एका फ्लॉपीत ४०-४५ पानं आरामात बसायची. पत्रं लिहिणाऱ्याला तेवढं पुष्कळ होतं.

यातलं काहीच त्या काळातलं सर्वोत्तम नव्हतं आणि ॲडमला ते नकोच होतं. त्याचं म्हणणं असं की दहापैकी नऊ लोकांना ज्याची गरज आहे तेवढं द्यायचं, बाकी सोडायचं. स्क्रीनवर त्यानं काटकसर केली, पण सॉफ्टवेअरवर केली नाही. टायपिंगसाठी वर्डस्टार, हिशोबासाठी सुपरकॅल्क, प्रोग्रॅम लिहिण्यासाठी बेसिकचे दोन प्रकार आणि सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम. हे सगळं पेटीसोबतच मिळायचं. वेगळं घ्यायला गेलं तर याच सॉफ्टवेअरचे जवळपास पेटीएवढेच पैसे झाले असते.

किंमत ठेवली १,७९५ डॉलर. तेव्हाच्या दरानं साडेपंधरा हजार रुपयांच्या आसपास.

दहा हजारांचा अंदाज आणि पुढची रांग

एप्रिल १९८१. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर भरलं होतं. तिथं ऑसबॉर्न-१ लोकांसमोर आला आणि स्टॉलवर गर्दी उसळली.

कंपनीनं आधी अंदाज बांधला होता की या मशीनचे सगळे मिळून दहा हजार नग खपतील. पहिल्या आठ महिन्यांतच अकरा हजार गेले. सप्टेंबर १९८१ मध्ये एका महिन्याची विक्री दहा लाख डॉलरवर पोचली. ऐन भरात असताना महिन्याला दहा हजार नगांपर्यंत मजल गेली. जेवढे आयुष्यभरात विकायचे ठरवले होते, तेवढे एका महिन्यात जाऊ लागले.

ॲडम स्वतः कंपनीचा चेहरा होता. उंच, मिशीवाला, इंग्रजी ढंगात रुबाबात बोलणारा. पत्रकारांना तो आवडायचा, कारण तो नेहमी छापण्यासारखं काहीतरी बोलायचा. पुढं हाच गुण अंगाशी आला.

पेटी लहान होती, पण बाजार मोठा झाला

लोक साधारण एवढंच सांगतात की ॲडमनं नव्या मॉडेलची घोषणा लवकर केली, जुनं मॉडेल विकायचं थांबलं आणि कंपनी बुडाली. धंद्याच्या भाषेत याला ऑसबॉर्न इफेक्ट म्हणतात.

हे समजायला मॅनेजमेंटची डिग्री लागत नाही. दिवाळीला टीव्ही स्वस्त होणार हे दुकानदारानं दसऱ्याआधीच सांगितलं, तर दसऱ्याला टीव्ही कोण घेणार? गिऱ्हाईक थांबतं. पण दुकानाचं भाडं, पगार, बँकेचा हप्ता थांबत नाही.

१९८३ च्या सुरुवातीला असंच झालं. ऑसबॉर्न एक्झिक्युटिव्ह आणि व्हिक्सन या पुढच्या मॉडेलांबद्दल बाहेर बोललं गेलं. एक्झिक्युटिव्हमध्ये ७ इंची स्क्रीन येणार होती आणि ८० अक्षरांची ओळ दिसणार होती. ज्या दोन गोष्टींसाठी लोक जुन्या पेटीला नावं ठेवायचे, त्याच दुरुस्त होणार म्हटल्यावर दुकानदारांनी जुन्याच्या ऑर्डरी आखडत्या घेतल्या.

पण कंपनी बुडायला एवढं एकच कारण नव्हतं.

पहिली गोष्ट, १९८२ मध्ये केप्रो नावाची पेटी आली. किंमत तीच, १,७९५ डॉलर. पण स्क्रीन ९ इंची आणि ओळीत ८० अक्षरं. पेटी धातूची आणि थोराड होती, पण डोळ्यांना त्रास नाही. म्हणजे ॲडमनं जी गोष्ट सोडून दिली होती, नेमकी तीच समोरच्यानं त्याच पैशात दिली.

दुसरी गोष्ट याहून मोठी. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमनं आपला पीसी आणला. हळूहळू सगळं नवं सॉफ्टवेअर आयबीएमसाठीच लिहिलं जाऊ लागलं. नोव्हेंबर १९८२ मध्ये कॉम्पॅक या नव्या कंपनीनं मूठ असलेली एक पेटी जाहीर केली, आणि तिच्यावर आयबीएमचे प्रोग्रॅम चालायचे. ऑसबॉर्नवर ते चालायचे नाहीत. गिऱ्हाइकाला आता फक्त लहान पेटी नको होती, बाकीच्या जगाशी जुळणारी लहान पेटी हवी होती.

तिसरी गोष्ट, नवं मॉडेल महाग होतं. एक्झिक्युटिव्हची किंमत २,४९५ डॉलर. स्वस्त आणि पुरेसं ही ज्याची ओळख, तोच महाग झाला आणि तरी आयबीएमशी जुळत नव्हता.

आणि चौथी गोष्ट म्हणजे कंपनीतल्याच एका माणसानं नंतर सांगितलेला मदरबोर्डचा किस्सा.

मदरबोर्ड वाया जाऊ नयेत म्हणून

झालं असं की एक्झिक्युटिव्हची विक्री सुरू झाली होती आणि जुन्या मॉडेलचं काम गुंडाळायचं ठरलं होतं. तेवढ्यात एका मोठ्या अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की गोदामात जुन्या मॉडेलचे तयार मदरबोर्ड पडून आहेत. त्यांची किंमत साधारण दीड लाख डॉलर. एवढा माल भंगारात कसा टाकायचा? त्यानं सुचवलं की यांचे पूर्ण कॉम्प्युटर बनवू आणि विकून टाकू.

वरवर ऐकलं तर शहाणपणाचं वाटतं. पण मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटर नव्हे. त्याला स्क्रीन लागते, मेमरी लागते, दोन ड्राइव्ह लागतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेटी लागते. पेटीचे साचे परत करून घ्यावे लागले. बंद झालेलं उत्पादन पुन्हा चालू करावं लागलं. दीड लाखाचा माल वाचवायला जवळपास वीस लाख डॉलर खर्च झाले, असं हा किस्सा सांगतो. आणि तेही अशा मॉडेलवर, जे लोकांनी घ्यायचं थांबवलं होतं.

घरी कॉम्प्युटर जोडणाऱ्या कुणालाही ही चूक ओळखीची वाटेल. जुनी रॅमची पट्टी कपाटात पडून असते. ती वाया जाऊ नये म्हणून तिला जुळणारा जुना मदरबोर्ड शोधायचा. मग त्याला जुळणारा प्रोसेसर. मग त्याला बसेल असा डबा. शेवटी पाचशे रुपयांची पट्टी वाचवताना दहा हजारांचा जुनाच कॉम्प्युटर तयार होतो. फरक इतकाच की ऑसबॉर्न कंपनीनं हे कारखाना भरून केलं.

त्याच वर्षी कंपनी शेअर बाजारात उतरणार होती. वह्या तपासल्या गेल्या, तर नफ्याऐवजी तोटे दिसायला लागले आणि शेअरविक्री रद्द झाली. कंपनी चालवायला बाहेरून अनुभवी अधिकारी आणला होता, पण तोवर पैसा संपत आला होता. १३ सप्टेंबर १९८३ ला ऑसबॉर्न कॉम्प्युटर कॉर्पोरेशननं दिवाळखोरीचा अर्ज केला.

पहिली पेटी जगाला दाखवून अडीच वर्षंही झाली नव्हती.

दुसरा डाव आणि कोर्टाची पायरी

एखादा खचला असता. ॲडमनं आधी आपल्याच कंपनीच्या चढउतारावर एक पुस्तक लिहिलं, जॉन ड्वोरॅक या पत्रकाराला सोबत घेऊन. आणि १९८४ मध्ये नवी कंपनी काढली, पेपरबॅक सॉफ्टवेअर.

नावातच कल्पना होती. जाड पुठ्ठ्याची पुस्तकं महाग, पेपरबॅक स्वस्त. मग सॉफ्टवेअरही पेपरबॅकच्या भावात का मिळू नये? तेव्हा हिशोबाच्या कामासाठी लोटस १-२-३ हे सॉफ्टवेअर सगळीकडं चालायचं आणि त्याची किंमत होती ४९५ डॉलर. ॲडमच्या कंपनीनं व्हीपी-प्लॅनर नावाचं तसंच चालणारं सॉफ्टवेअर ९९.९५ डॉलरला दिलं. पुन्हा तोच हिशोब, पुरेसं आणि स्वस्त.

१९८७ मध्ये लोटसनं कोर्टात खेचलं. व्हीपी-प्लॅनरचे मेनू आणि आज्ञा आमच्यासारख्याच आहेत, म्हणून ही नक्कल आहे, असा त्यांचा दावा. खटला रेंगाळला तसे गुंतवणूकदार आणि गिऱ्हाइकं दुरावली. १९९० मध्ये निकाल लोटसच्या बाजूनं लागला आणि ॲडमची ही कंपनीही संपली.

गंमत बघा, पुढं लोटसनं असाच दावा बोरलँड या कंपनीवर लावला. तिथं १९९५ मध्ये वरच्या कोर्टानं उलटा निकाल दिला, की मेनूमधल्या आज्ञांची रचना ही काम करायची पद्धत आहे, तिच्यावर कुणाची मालकी नाही. १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मतं निम्मी-निम्मी पडली आणि तोच निकाल कायम राहिला. पण ॲडमला त्याचा काही उपयोग नव्हता. तोवर तो अमेरिका सोडून गेला होता.

परत कोडाईकनालला

पन्नाशी ओलांडल्यावर ॲडमची तब्येत ढासळली. मेंदूच्या आजारानं गाठलं, झटके येऊ लागले. ज्याच्या बोलण्यावर पत्रकार ताटकळत उभे राहायचे, तो माणूस हळूहळू गप्प होत गेला. १९९२ मध्ये तो भारतात परतला, बहिणीजवळ, कोडाईकनालला. त्याच डोंगरावर, जिथं त्याची शाळा सुरू झाली होती.

बाहेर कॉम्प्युटरचं जग तेव्हा सुसाट पळत होतं. लॅपटॉप खरोखर मांडीवर आले, इंटरनेट घराघरात शिरलं. ज्या पेटीनं हे वेड लावलं, तिचा निर्माता या सगळ्यापासून दूर होता. १८ मार्च २००३ ला, वयाच्या ६४ व्या वर्षी, कोडाईकनालमध्येच झोपेत त्याचं निधन झालं.

ऑसबॉर्न म्हटलं की आज बहुतेकांना फक्त ती चूक आठवते. नवं मॉडेल यायच्या आधी बोलू नका, हा धडा शिकवताना त्याचं नाव घेतलं जातं. पण तयार कॉम्प्युटर, सगळं आतच, लागणारं सॉफ्टवेअर सोबत, घरी न्या आणि वायर लावा, ही आज साधी वाटणारी गोष्ट लोकांच्या गळी उतरवण्यात त्याचा वाटा मोठा होता.

लहान डबा म्हणजे काय सोडायचं याचा निर्णय, हे त्याच्या पेटीनं दाखवून दिलं. आणि एकदा घेतलेला हा निर्णय कायमचा बरोबर राहत नाही, हे त्याच्या कंपनीनं दाखवलं. ५ इंची स्क्रीन १९८१ मध्ये चालून गेली, कारण तेव्हा दुसरा पर्याय नव्हता. केप्रो आल्यावर तीच स्क्रीन अडचण झाली.

आजच्या मिनी पीसीचं गणितही याच वळणाचं आहे. त्याच्या आत पॉवर सप्लाय बसत नाही, म्हणून तो वायरीवरच्या अडॅप्टरमध्ये बाहेर काढलेला असतो. मोठा पंखा बसत नाही, म्हणून कमी वीज खाणारा, कमी तापणारा प्रोसेसर घालतात. ग्राफिक्स कार्डला जागा नाही, म्हणून ते सोडलेलं असतं. काही मॉडेलांत रॅम बोर्डलाच डाखवलेली असते, ती नंतर वाढत नाही. फॉर्म भरायला, टायपिंगला, हिशोबाला यातल्या कशाचीच उणीव भासत नाही. व्हिडिओ एडिटिंग किंवा मोठे गेम करायचे असतील तर मात्र पहिल्या महिन्यातच भासते.

म्हणून जामखेडच्या त्या दहा बाय दहाच्या दुकानात मॉनिटरमागं लहान डबा लावायचा विचार असेल, तर दोन-तीन गोष्टी आधी बघितलेल्या बऱ्या. रॅम आणि एसएसडी बदलता येतात का. हवा जायच्या जाळीसमोर भिंत येत नाही ना. जाळीवर धूळ साचली तर आपल्याला काढता येईल का. आणि सगळ्यात आधी, आपलं काम नेमकं काय आहे.

कपाटात पडलेली जुनी रॅम त्यात बसते का, हे मात्र शेवटी बघायचं.